मुक्त सॉफ्टवेअरचा पाणवठा

१९९९ साली आम्ही काही शिक्षक आणि कार्यकर्ते वाई, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांमधून हिंडलो. आंबेडकरी जलशांत ज्यांनी उमेदीच्या काळात ढोलकी धरली, झील ओढली, ती माणसे तेव्हा सत्तरी ओलांडून बसली होती. त्यांच्या तोंडची गाणी आणि बायांच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही वह्यांत उतरवून घेतल्या. पाचगणीच्या बाजारात तेव्हा संगणकावर अक्षरजुळणी करून देणारे एक दुकान होते. हॉटेलांची पत्रके आणि निवासी शाळांच्या पत्रिका हा त्याचा मुख्य धंदा. त्याने आमची ७२ पानांची पुस्तिका जुळवून दिली. साताऱ्याला ३०० प्रती छापल्या. त्या वर्षाच्या आत संपल्या.

गेल्या वर्षी दुसरी आवृत्ती काढावी असे ठरले. जपून ठेवलेली सीडी उघडली. उघडली खरी, पण पडद्यावर मराठी नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, डॉलरची चिन्हे असा सगळा कचरा. ओळीन् ओळ तशीच. जाणकारांना विचारले तेव्हा कळले की त्या काळी मराठी फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवले होते. माणसाच्या डोळ्यांना ते मराठी दिसे, यंत्राला मात्र ते इंग्रजीच वाटे. कोणत्या घरात कोणता आकार, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे आणि गुप्त. शिवाय ते सॉफ्टवेअर चालायला संगणकाच्या पाठीमागे एक छोटे कुलूप लावावे लागे. कुलूप नाही तर अक्षर नाही. पाचगणीचे दुकान केव्हाच बंद झाले आहे. मालक पुण्याला गेला. कुलूप कोठे गेले हे त्यालाही सांगता आले नाही.

ज्या माणसांनी ती गाणी सांगितली त्यांतले आज कोणीही हयात नाही.

हा प्रसंग मी तंत्रज्ञानाची तक्रार म्हणून सांगत नाही. अक्षर कोणाच्या मालकीचे, असा हा प्रश्न आहे, आणि या देशात तो आमच्यासाठी नवा नाही. पूर्वी अक्षरावर जातीचा पहारा होता. तो मोडायला जोतीराव आणि सावित्रीबाईंपासून बाबासाहेबांपर्यंत तीन पिढ्या खर्ची पडल्या. आम्ही लिहू लागलो, छापू लागलो, आणि नेमके त्याच वेळी अक्षर यंत्रात शिरले आणि यंत्राला कुलूप लागले. हे कुलूप जात विचारत नाही, ते फक्त पैसे विचारते, असे कोणी म्हणेल. पण ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पैसा नव्हता त्याला या दोन प्रश्नांतला फरक फारसा जाणवत नाही.

म्हणून मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीकडे आपल्या कार्यकर्त्यांनी गंभीरपणे पाहिले पाहिजे असे मला वाटते. आजवर आपण तिच्याकडे पाहिले ते एक तर शहरी पांढरपेशांचा छंद म्हणून, नाही तर फुकट मिळणारी वस्तू म्हणून. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत.

या चळवळीचा उगमही एका छपाईयंत्राशी जोडलेला आहे, हा योगायोग मला बोलका वाटतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात रिचर्ड स्टॉलमन काम करीत असत. तेथे झेरॉक्स कंपनीचे नवे छपाईयंत्र आले. ते वारंवार अडके. ते चालवणारी आज्ञावली मिळाली तर दुरुस्ती करता येईल म्हणून त्यांनी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे ती मागितली. त्याने नकार दिला, कारण कोणालाही न देण्याचे वचन त्याने कंपनीला दिले होते. विद्यापीठातल्या माणसाने विद्यापीठातल्या माणसाला ज्ञान नाकारले! पुढे १९८३ साली स्टॉलमन यांनी जीएनयू या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८९ साली तिच्यासाठी एक परवाना सिद्ध केला. त्याचा आशय साधा आहे. ही आज्ञावली कोणीही वापरावी, आतून वाचावी, बदलावी, वाटावी. मात्र जो बदलून वाटील त्याने आपला बदलही तसाच उघडा ठेवला पाहिजे. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच परवान्याखाली आणला. १९९८ पासून काहींनी 'मुक्त' हा शब्द टाळून 'खुले' हा शब्द पुढे केला. 'मुक्त' शब्दाने कंपन्या बिचकतात, असे त्यांना वाटत होते.

शब्दातला हा पालट आपण सहज सोडून देऊ नये. १९३६ साली दादरच्या परिषदेत बाबासाहेबांनी मुक्तीचा मार्ग कोणता असा प्रश्न मांडला, तेव्हा मुक्तीला कर्ता होता: जो बांधलेला आहे तो माणूस. 'खुले' या शब्दाला असा कर्ता नाही. दार खुले असते, तळे खुले असते. कोणासाठी, हे त्या शब्दात येत नाही. आणि दार खुले ठेवणारा नेहमी घराच्या आत असतो.

तळ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. महाडचे चवदार तळे कायद्याने खुलेच होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ साली तो मान्य करून तळे खुले केल्याचे जाहीर केले. म्हणजे परवाना झाला. पण पुढची तीन वर्षे कोणी त्या तळ्यावर गेले नाही, जाऊ शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन काठावर गेले आणि ओंजळ भरली तेव्हा ते तळे पहिल्यांदा खुले झाले. नंतर सनातन्यांनी त्याची शुद्धी केली, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये किती अंतर असते, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मुक्त सॉफ्टवेअरला पाठबळ देणाऱ्या संस्थांची चिकित्सा मी याच कसोटीवर करू इच्छितो. परवान्यात काय लिहिले आहे हे पाहून मी समाधानी होत नाही. काठापर्यंत कोण पोचला, आणि पोचलेल्याने ओंजळ भरली की तो नुसता पाहत उभा राहिला, हे मला विचारायचे आहे.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण पवईच्या आयआयटीचे आहे. केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय अभियानाच्या पैशातून तेथे 'फॉसी' हा प्रकल्प २००९ च्या सुमारास उभा राहिला. महाविद्यालयांनी महागडी परदेशी सॉफ्टवेअरे विकत घेण्याऐवजी मुक्त सॉफ्टवेअर वापरावे, हा त्याचा हेतू. अभियांत्रिकीच्या ठरलेल्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली गणिते विद्यार्थ्यांनी सायलॅब या मुक्त प्रणालीत उतरवायची आणि त्याबद्दल मानधन घ्यायचे, अशीही एक योजना त्याने चालवली. त्याच घराण्यातला दुसरा प्रकल्प म्हणजे 'स्पोकन ट्युटोरियल'. सुमारे १० मिनिटांचा एक पाठ, पडद्यावर काम करून दाखवणारा, आणि त्याचे निवेदन मराठीसह बावीसेक भाषांत. इंटरनेट नसले तरी सीडीवरून चालेल अशी सोय.

या प्रकल्पातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. पाठाची संहिता तयार झाली की ती एका नवख्या माणसापुढे ठेवली जाते. त्याला ते सॉफ्टवेअर येत नसले पाहिजे, हीच त्याची पात्रता. तो जेथे अडखळतो तेथे दोष संहितेचा मानला जातो, त्याचा नव्हे. आपल्या शिक्षणव्यवस्थेत ही उलथापालथच आहे. न येणारा मुलगा येथे नेहमी आरोपी राहिला आहे. त्याला परीक्षक करणारी रीत एखाद्या आयआयटीत निघावी हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे, आणि आपल्या शिबिरांतून, पुस्तिकांतून ती आपणही उचलावी. आपले वैचारिक लेखन एखाद्या नवख्याकडून आधी वाचून घ्यायचे ठरले तर त्यातली निम्मी वाक्ये गळून पडतील, यात माझीही आली.

पण पाठ पाहायला बसा. निवेदकाचा आवाज मराठी बोलतो आणि पडदा इंग्रजीच राहतो. याला खर्चाचे कारण आहे, ते मी समजू शकतो. एकच चित्र ठेवून आवाज बदलला तर बावीस भाषांचे काम आटोक्यात राहते. तरीही याचा परिणाम काय होतो? मराठी ही समजावण्याची भाषा ठरते, काम करण्याची नव्हे. मोठ्या घरच्या बाई मोलकरणीशी तिच्या बोलीत बोलतात आणि हिशेब आपल्या भाषेत ठेवतात, तसे हे आहे. शिवाय निवेदनातली मराठी ही छापील मराठी. एका महाविद्यालयात हे पाठ चालू असताना मी मागच्या बाकावर बसलो होतो. हजेरी झाली, पाठ झाला, परीक्षा झाली, प्रमाणपत्रे झाली. मुलांनी आज्ञावली आतून उघडून पाहिली का, असे मी संयोजकांना विचारले. त्याची अपेक्षा नाही, असे उत्तर मिळाले. मुक्त सॉफ्टवेअर शिकवले गेले, मुक्तता मात्र अभ्यासक्रमाबाहेर राहिली.

जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्याचा गाभा हा की कर रयत भरते आणि विद्या वरच्या वर्गाच्या पदरात पडते. वरच्यांना शिकवले की ती आपोआप खाली झिरपेल हा सरकारचा समज खोटा आहे. पवईचा प्रकल्प रयतेच्याच पैशावर चालला आणि तो सर्वांसाठी उघडा राहिला, हे त्याच्या बाजूने म्हटलेच पाहिजे. पण त्याचीही वाट झिरपण्याचीच आहे. पाठ वर तयार होतो, खाली ऐकला जातो. खालून वर काय गेले? बोलीतला एक शब्द तरी गेला का?

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण सातारा जिल्ह्यातल्या वाचकाला ते परके वाटणार नाही. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटी या अमेरिकन विद्यापीठात २००३ पासून 'ओपन सोर्स लॅब' चालते. जगातल्या कितीतरी मुक्त प्रकल्पांची यंत्रे आणि साठे ती सांभाळते. जागा विद्यापीठाची, यंत्रे आणि पैसा बराचसा आयबीएमसारख्या कंपन्यांच्या व इतरांच्या देणगीतून, आणि हात विद्यार्थ्यांचे. शिकता शिकता हे विद्यार्थी पगारावर ही यंत्रे चालवतात आणि त्यातूनच तयार होतात. हे वाचल्याबरोबर मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवले. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह निघाले. १९४७ साली 'कमवा आणि शिका' या पायावर छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. मुलांनी शेतात राबायचे, दळायचे, रांधायचे आणि शिकायचे. तेथे श्रम हा शिक्षणातला कमीपणा नव्हता, आणि महाराचा मुलगा मराठ्याच्या मुलाशेजारी जेवत होता.

२०२५ च्या वसंतात या लॅबच्या संचालकांनी जाहीर केले की वर्षानुवर्षे तूट येत आहे, विद्यापीठालाही आता ती भरून काढणे जमणार नाही, आणि अडीच लाख डॉलर उभे राहिले नाहीत तर लॅब बंद करावी लागेल. हाक ऐकून मदत आली आणि लॅब तगली. पण आकड्याकडे पाहा. ज्या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारावर अब्जावधी डॉलरचे धंदे चालतात, त्याचा एक सामायिक पाणवठा अडीच लाखांसाठी कोरडा पडायला निघाला होता.

हे अपवादात्मक नाही. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरचे गुप्त व्यवहार ज्या ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीवर विसंबून होते तिच्यातच भोक होते. तेव्हा कळले की एवढ्या जगाचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पाला पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता आणि वर्षाकाठी देणग्या येत होत्या सुमारे २,००० डॉलर. बँका, दुकानदार, सरकारे सगळी ती आज्ञावली वापरत होती. दोष सापडल्यावर मोठ्या कंपन्यांनी वर्गणी काढली. २०२४ साली एक्सझेड या छोट्या आज्ञावलीत कोणीतरी मुद्दाम चोरवाट घुसवली, तीही तेथला एकटा, थकलेला सांभाळणारा माणूस हेरून.

गावकीचे काम ज्यांच्या घरात झाले आहे त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. गावाला महार हवा असतो. वेशीवर, चावडीवर, मेलेल्या ढोरापाशी, सरकारी टपाल घेऊन धावायला. त्याच्यावाचून गावगाडा चालत नाही, आणि त्याच्या मोबदल्याची आठवण कोणाला नसते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते या बिनमोलाच्या राबणुकीविरुद्ध; ती वतने कायद्याने जायला १९५८ साल यावे लागले. मी दोन्ही गोष्टी एकच आहेत असे म्हणत नाही. वतनदार महाराला काम सोडायची मुभा नव्हती, अमेरिकेतला प्रोग्रामर उद्या सोडून जाऊ शकतो, आणि त्याला कोणी बाटलेला म्हणत नाही. पण मुक्ततेच्या नावाखाली फुकट श्रम घेण्याची सवय भांडवलाला लागते, तेव्हा 'स्वयंसेवा' या गोड शब्दाची उलटतपासणी आपण केलीच पाहिजे.

आणि ही स्वयंसेवा करतो कोण? ज्याला संध्याकाळ मोकळी आहे तो. टेबललँडच्या पायथ्याच्या वाडीतला एक मुलगा माझ्याकडे येत असे. हुशार. स्ट्रॉबेरीच्या हंगामात पहाटे तो आईबरोबर फळे खुडायला जाई, दिवसा कॉलेज, रात्री हॉटेलात भांडी. संगणक त्याच्या घरी नव्हता, फोन होता. गंमत अशी की त्या फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा होता, कारण अँड्रॉइड त्याच्यावरच उभे आहे. जगातली सर्वांत प्रसिद्ध मुक्त आज्ञावली त्याच्या खिशात होती, आणि तिला हात लावायची सोय मात्र कंपनीने ठेवली नव्हती. खुले असलेले सगळे वाटेत कोठेतरी बंद होऊन त्याच्यापर्यंत पोचले होते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याला विचारले गेले, तुम्ही कोणत्या मुक्त प्रकल्पांना योगदान दिले आहे? ज्याच्याकडे फावला वेळ नव्हता त्याच्याकडून फावल्या वेळाचा हिशेब मागितला गेला. यालाच हल्ली गुणवत्ता म्हणतात.

आता पुन्हा आमच्या पुस्तिकेकडे येतो, कारण या चळवळीची दुसरी बाजू मला तेथेच दिसली, आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल.

सीडी निकामी ठरली, पण एका कार्यकर्त्याच्या घरी छापील प्रत होती. तिची पाने स्कॅन केली आणि टेसरॅक्ट नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरला वाचायला दिली. हे सॉफ्टवेअर छापील अक्षराचे चित्र पाहून मजकूर लिहून देते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ च्या दरम्यान ते घडले, मग कपाटात पडून राहिले. २००५ साली कंपनीने अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगस शाखेच्या साहाय्याने ते खुले केले, आणि २००६ पासून गूगलने ते वाढवले. विद्यापीठ आणि उद्योग एकत्र आले की काय होऊ शकते याचे हे चांगले उदाहरण आहे. त्या लोकांच्या स्वप्नातही भिलारची किंवा पसरणीची जात्यावरची ओवी नव्हती, तरी आमच्या ७२ पानांतली पुष्कळशी पाने त्याने वाचून दिली. मजकूर युनिकोडमध्ये आला. त्याला दिलेला लोहित हा फाँटही मुक्त. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला आणि रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली वाटलेला. आता ही पाने कोणत्याही संगणकावर, कोणत्याही फोनवर मराठीच दिसतील. आमच्या म्हाताऱ्यांची गाणी पुन्हा कुलपात जाणार नाहीत. हे मुक्त सॉफ्टवेअरने केले. हे कोणी नाकारू नये.

मग आम्ही तो मजकूर लिब्रेऑफिसमध्ये शुद्धलेखन तपासणी लावून उघडला. आणि पानभर तांबड्या रेघा उमटल्या.

'व्हता' खाली रेघ. 'न्हाई' खाली रेघ. 'म्या', 'त्येनं', 'लई', 'कवाधरनं' खाली रेघ. काम करायला दोन मुली बसल्या होत्या, दोघी बारावीच्या. त्यांतली एक म्हणाली, "सर, आजीचं सगळंच चुकलंय." त्या एका वाक्यात मला गेल्या पन्नास वर्षांतला सगळा वाङ्मयीन वाद ऐकू आला. १९७२ साली 'गोलपिठा' आला, १९७८ साली 'बलुतं' आले, तेव्हा प्रस्थापित समीक्षकांनी हातात धरलेली पेन्सिल हीच होती. ही भाषा अशुद्ध, ही अनघड, हिला कलात्मक संस्कार हवा. समीक्षक निदान वाद घालत. त्यांना उत्तर देता येई. यंत्र वाद घालत नाही. ते नुसती रेघ ओढते आणि बारावीची मुलगी आपल्या आजीला चूक ठरवते.

मात्र येथेच मुक्त आणि बंदिस्त यांतला फरक कळतो. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ही रेघ ओढणारा शब्दकोश कंपनीच्या तिजोरीत असतो. लिब्रेऑफिसचा शब्दकोश दोन साध्या मजकुरी फाइलींचा असतो. एकीत शब्द, दुसरीत प्रत्यय लावण्याचे नियम. ज्या हन्स्पेल यंत्रणेवर तो चालतो ती हंगेरीतल्या माणसाने आपल्या प्रत्ययबहुल भाषेसाठी लिहिली, म्हणूनच आमच्या विभक्तींनाही ती पेलते. त्या मुलींना मी ती फाइल उघडून दाखवली. शब्दांची लांबच लांब यादी. त्यांनी 'व्हता' शोधला, नव्हता. मग आपल्या संगणकावर त्यांनी तो लिहिला, फाइल जतन केली, पान पुन्हा उघडले. रेघ गेली होती. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. ही माझ्या मते ओंजळ होती. लहानशी, पण ओंजळ.

पण ती एका संगणकापुरती. तो शब्द सगळ्या महाराष्ट्राच्या संगणकांवर जायचा तर मूळ शब्दकोश सांभाळणाऱ्यांनी तो स्वीकारला पाहिजे. मुक्त प्रकल्पात बदल कोणीही सुचवू शकतो; तो आत घेण्याचा अधिकार मात्र मोजक्यांकडे असतो. बाबासाहेब १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्या शाळेतल्या दिवसांविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे की नळ होता, पाणी होते, पण स्पृश्य माणसाने तो उघडून दिल्याशिवाय त्यांना पिता येत नसे, आणि ते काम शिपायाकडे असे. शिपाई दुष्ट होता असे त्यांनी म्हटलेले नाही. तो नसे, एवढेच. मुक्त प्रकल्पांचे राखणदारही बहुधा दुष्ट नसतात. ते थकलेले असतात, गुंतलेले असतात, आणि त्यांच्या घरात 'व्हता' कोणी म्हणत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी टाळत नाही. बोलीतला प्रत्येक शब्द आत घेतला तर शुद्धलेखन तपासणीचा उपयोग काय? प्रमाणभाषा नको का? प्रमाणभाषा हवी, मुलांना परीक्षा द्यायच्या आहेत, अर्ज लिहायचे आहेत, आणि मी स्वतः हा लेख तिच्यातच लिहीत आहे. माझे म्हणणे इतकेच की इंग्रजीसाठी अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन असे वेगळे शब्दकोश मुक्त प्रकल्पांनी सुखाने ठेवले आहेत. मराठीत दुसरा शब्दकोश ठेवायला कोणाची हरकत आहे? अडचण तंत्राची नाही. त्याचे काम कोणी करायचे, कोणाच्या पैशाने, हा प्रश्न आहे. विद्यापीठाने माणूस द्यायचा, उद्योगाने पैसा द्यायचा, अशी जी रचना ओरेगनमध्ये यंत्रांसाठी आहे ती सातारा-सांगलीच्या एखाद्या कॉलेजात बोलीसाठी का असू नये? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्या आज सर्वांपुढे आहेत, कारण त्यांच्यामागे माणसे आणि संस्था दीर्घकाळ उभ्या राहिल्या.

पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना भिलार लागते. २०१७ च्या मे महिन्यात शासनाने तेथे पुस्तकांचे गाव उभे केले. घराघरांत कपाटे, खुर्च्या, मराठी पुस्तके. कोणीही यावे, फुकट वाचावे. मी अनेकदा जातो. पर्यटकांना कपाटे दिसतात. मला सकाळी दार उघडून पुस्तकांवरची धूळ पुसणारी घरातली बाई दिसते. ग्रंथालय खुले आहे ते तिच्या फडक्यामुळे. त्यांतल्या एका बाईंना मी आमची पुस्तिका दाखवली. त्यांनी दोन ओव्या वाचल्या आणि तिसरी न वाचता म्हटली. ती त्यांना पाठच होती, आणि पुस्तिकेतल्यापेक्षा एक ओळ जास्त होती. ती दुसऱ्या आवृत्तीत घेतली आहे.

मुलींनी बोलीतल्या २१४ शब्दांची यादी करून शब्दकोश सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. महिन्याने सभ्य उत्तर आले. हे शब्द छापील ग्रंथांत कोठे आले आहेत, याचा आधार द्यावा, अशी विचारणा होती. मुलींनी पुस्तिकेचे नाव, साल आणि प्रत्येक शब्दापुढे पानाचा क्रमांक लिहून यादी पुन्हा पाठवली आहे. 'व्हता', पान १४. दुसऱ्या आवृत्तीची जुळणी ५८ व्या पानापर्यंत आली आहे.